आवाज व व्यक्तिमत्त्व

माणसाच्या बोलण्यातील शब्दार्थ बाजूला ठेवून केवळ त्याच्या आवाजावरून त्याचा स्वभाव वा व्यक्तिमत्त्वप्रकार ओळखता येतो, ही समजूत फार प्राचीन असून ती बहुतेक सर्व समाजांत आढळते. भारतात सामुद्रिक, आयुर्वेद, नाट्य व संगीत या शास्त्रांनी आवाजाचा विचार आपापल्या दृष्टीने केला. पाश्चात्य देशांत हा विषय प्रथम आकृतिसामुद्रिकात आणि विसाव्या शतकात प्रायोगिक मानसशास्त्रात आला. या दीर्घ इतिहासात दोन प्रश्नांची वारंवार गल्लत झालेली दिसते. आवाज ऐकून लोक स्वभावाविषयी काय समजतात, हा एक प्रश्न. आणि त्यांचे समजणे कितपत खरे असते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बऱ्याच निश्चितपणे देता येते. दुसऱ्याचे उत्तर मर्यादित स्वरूपाचे आहे.

मराठी भाषेतील आवाजविषयक विशेषणांतच ही गल्लत दिसून येते. ‘घोगरा’, ‘चिरका’, ‘किनरा’, ‘भसाडा’, ‘खणखणीत’ ही विशेषणे ध्वनीचे वर्णन करतात. ‘करारी’, ‘लाघवी’, ‘उर्मट’, ‘मिठ्ठास’ ही विशेषणे मात्र स्वभावाकडून वा रुचीकडून आवाजाकडे आलेली आहेत. एखाद्याचा आवाज करारी आहे असे म्हणताना ऐकणाऱ्याने ध्वनीचे वर्णन केलेले नसते, तर बोलणाऱ्याविषयी निर्णयच दिलेला असतो.

आवाजाची घडण : फुप्फुसांतून येणाऱ्या हवेमुळे स्वरयंत्रातील स्वरतंतू कंप पावतात आणि त्यातून मूळ ध्वनी निर्माण होतो. घसा, मुख व नासिका यांच्या पोकळ्यांत त्याचे अनुस्पंदन होऊन त्याला विशिष्ट पोत येतो. स्वरतंतूंची लांबी व जाडी यांवर आवाजाची तारता अवलंबून असते. प्रौढ पुरुषाच्या सामान्य बोलण्याची मूळ कंप्रता सु. १०० ते १२५ हर्ट्‌झ, तर स्त्रीची सु. २०० हर्ट्‌झ असते. वयात येताना मुलांचा आवाज फुटतो, तो स्वरयंत्राची वाढ झपाट्याने झाल्यामुळे. उतारवयात स्नायूंची शक्ती कमी होऊन आवाज कापरा होतो. लिंग, स्थूलमानाने वय व शरीराची तत्कालीन स्थिती या गोष्टी आवाजातून कळतात, त्या या शारीरिक कारणांमुळे. स्पॅनिश गायनशिक्षक मान्युएल गार्सिया यांनी १८५४ मध्ये लहान आरशाच्या साहाय्याने गाताना होणारी स्वरतंतूंची हालचाल पाहिली. तेव्हापासून आवाजाचा शारीरिक अभ्यास प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारलेला आहे.

प्राचीन भारतीय विचार : वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील (सहावे शतक) पुरुषलक्षणांच्या विवेचनात आवाज हे भाग्याचे चिन्ह मानले आहे. हत्ती, बैल, सिंह, मेघ, भेरी वा मृदंग यांसारखा ज्यांचा ध्वनी ते राजे होतात आणि ज्यांचा आवाज गाढवासारखा, फुटका वा रूक्ष असतो ते धनसुखाला मुकतात, असे त्याचे तात्पर्य आहे. येथे आवाजावरून केवळ स्वभाव नव्हे, तर दैवच सांगितले जाते. गंभीर ध्वनी म्हणजे सामर्थ्य व सामर्थ्य म्हणजे राजपद, अशी ही साखळी आहे.

आयुर्वेदाची भूमिका याहून वेगळी आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात प्रकृतिवर्णन करताना कफप्रकृतीच्या माणसाचा स्वर प्रसन्न व स्निग्ध, तर वातप्रकृतीच्या माणसाचा रूक्ष, क्षीण, अडखळता व जर्जर असतो, असे म्हटले आहे. वातप्रकृतीची माणसे बडबडी असतात, असेही तेथे सांगितले आहे. येथे आवाज व वागणूक ही दोन्ही एकाच शारीरिक कारणाची कार्ये मानली आहेत. वैद्याला आवाजाचा उपयोग आहे तो रुग्णाची प्रकृती ठरविण्यासाठी, आणि तोही इतर अनेक लक्षणांच्या जोडीने.

भरताच्या नाट्यशास्त्रात तिसरा दृष्टिकोण आढळतो. छाती, कंठ व शिर ही स्वराची तीन स्थाने सांगून तेथे काकूचे, म्हणजे भावानुसार होणाऱ्या स्वरभेदाचे, विवेचन केले आहे. कोणत्या रसाला कोणते स्वर अनुकूल, याचीही योजना दिली आहे. नाट्यशास्त्राचा आवाज हा भावाचा वाहक आहे. भाव क्षणाक्षणाला पालटतात व स्वभाव टिकून राहतो, म्हणून हा भेद महत्त्वाचा आहे. राग, भीती वा शोक आवाजातून कळतो, म्हणून माणूस मुळातच रागीट वा भित्रा आहे हेही कळेल, असे म्हणता येत नाही.

शार्ङ्गदेव : या परंपरेतील सर्वांत पद्धतशीर वर्गीकरण महाराष्ट्रात झाले. देवगिरीच्या यादव घराण्यातील सिंघण राजाच्या (कार. सु. १२१०–४७) पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर हा ग्रंथ रचला. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. तो राज्याच्या लेखाविभागाचा अधिकारी होता आणि आयुर्वेदाचाही जाणकार होता. ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात त्याने मानवी देहाच्या उत्पत्तीचे विस्तृत वर्णन केले आहे, कारण त्याच्या मते नादाचे अधिष्ठान देह हे आहे.

प्रकीर्णकाध्यायात शार्ङ्गदेवाने आवाजाचे चार भेद सांगितले आहेत. ‘खाहुल’ हा कफज, स्निग्ध, मधुर व सुकुमार आवाज. ‘नाराट’ हा पित्तज असून तो तिन्ही सप्तकांत घन व गंभीर राहतो. ‘बोंबक’ हा वातज, एरंडाच्या दांड्यासारखा आतून पोकळ व परुष. या तिहींच्या संकराने होतो तो ‘मिश्रक’. यापुढे तो आवाजाचे गुण व दोष यांची गणना करतो. अभ्यासावाचूनही राग प्रकट करण्याचे जे सामर्थ्य काही आवाजांत असते, त्याला त्याने ‘शारीर’ अशी संज्ञा दिली आहे, कारण ते शरीराबरोबरच जन्मते.

हे वर्गीकरण त्रिदोषांवर उभारलेले असल्याने त्यातील कारणमीमांसा आज मान्य होणार नाही. तथापि त्याची मर्यादा लक्षणीय आहे. आयुर्वेदात कफ, पित्त व वात यांच्याबरोबर स्वभावाचेही वर्णन येते, हे शार्ङ्गदेव जाणून होता. असे असूनही खाहुल आवाजाचा गायक शांत असतो किंवा बोंबक आवाजाचा गायक चंचल असतो, असे तो म्हणत नाही. आवाज देहाचा आहे व त्याचा निर्णय गायनापुरता आहे, ही मर्यादा तो पाळतो. वराहमिहिराच्या लक्षणशास्त्राशी तुलना करता हा फरक मोठा आहे.

पाश्चात्य परंपरा : ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या, परंतु त्याच्या पंथातील इतरांनी लिहिलेल्या मानल्या जाणाऱ्या आकृतिसामुद्रिकावरील ग्रंथातही प्राण्यांच्या आवाजांशी सादृश्य कल्पून माणसाचे धैर्य वा भित्रेपणा ठरविला आहे. हिपॉक्राटीझ व गेलेन यांच्या चतुर्दोष सिद्धांतातून पुढे चार स्वभावप्रकारांची कल्पना यूरोपात रूढ झाली. व्यक्तिमत्त्वप्रकारांच्या आधुनिक सिद्धांतांना जोर आला तो १९२१ च्या सुमारास. त्या वर्षी कार्ल युंग यांचा अंतर्मुख व बहिर्मुख प्रकारांची मांडणी करणारा ग्रंथ आणि एर्न्स्ट क्रेचमर यांचा देहयष्टी व स्वभाव यांवरील ग्रंथ, असे दोन्ही प्रसिद्ध झाले. माणसांचे प्रकार असतील, तर त्यांची बाह्य खूणही असली पाहिजे आणि आवाज ही तशी खूण असावी, या अपेक्षेने पुढील संशोधनाला चालना मिळाली.

नभोवाणी व प्रयोग : नभोवाणीने या प्रश्नाला नवे रूप दिले. बोलणारा दिसत नाही, केवळ त्याचा आवाज घरोघर पोहोचतो, ही परिस्थिती मानवी इतिहासात नवीन होती. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्याच वर्षाच्या जानेवारीत मँचेस्टरचे मानसशास्त्रज्ञ टी. एच. पिअर यांनी ब्रिटिश नभोवाणीवरून नऊ व्यक्तींना एकच उतारा वाचावयास लावून श्रोत्यांकडून त्यांच्याविषयीचे अंदाज मागविले होते. चार हजारांहून अधिक उत्तरे आली. लिंग व वय यांचे अंदाज बऱ्यापैकी जुळले. व्यवसायांपैकी नट व धर्मोपदेशक अनेकांनी ओळखले, कारण या व्यवसायांत आवाज विशिष्ट रीतीने घडविलेला असतो. जन्मस्थानाबाबत मात्र श्रोते फारसे यशस्वी झाले नाहीत. व्हिएन्नामध्ये हेर्ता हेर्त्सोग यांनी १९३१ मध्ये अशाच पद्धतीचा प्रयोग केला.

यानंतरचे महत्त्वाचे संशोधन गॉर्डन ऑलपोर्ट व हॅडली कँट्रिल यांचे (१९३४). हार्व्हर्ड विद्यापीठात त्यांनी अठरा पुरुषांचे आवाज सहाशेहून अधिक श्रोत्यांना ऐकवून त्यांचे अंदाज व्यक्तिमत्त्व-कसोट्यांच्या निष्कर्षांशी ताडून पाहिले. आवाजातून काही खरी माहिती मिळते, हे त्यांना आढळले. सुटे गुण ओळखण्यापेक्षा संपूर्ण व्यक्तिचित्राशी आवाजाची जोडी लावणे श्रोत्यांना अधिक साधले. परंतु त्यांचा आणखी एक निष्कर्ष पुढील सर्व संशोधनात टिकून राहिला : श्रोत्यांचे एकमत त्यांच्या अचूकतेपेक्षा अधिक असते. पुष्कळ लोक एकच अंदाज करतात, म्हणून तो खरा ठरत नाही. मानसशास्त्राच्या परिभाषेत, निर्णयाची विश्वसनीयता म्हणजे त्याची यथार्थता नव्हे.

डी. डब्ल्यू. ॲडिंग्टन यांनी १९६८ मध्ये हाच मुद्दा वेगळ्या रीतीने दाखविला. दोन पुरुष व दोन स्त्रिया यांना त्यांनी श्वासमिश्रित, नाकातला, ताणलेला, भरदार अशा निरनिराळ्या आवाजांत तोच मजकूर वाचावयास लावले. वाचणारी व्यक्ती तीच असताना आवाज पालटला, की श्रोत्यांनी लावलेला स्वभावही पालटला. श्वासमिश्रित आवाजाचा अर्थ स्त्रीच्या बाबतीत एक व पुरुषाच्या बाबतीत दुसरा लावला गेला. क्लाउस शेरर यांनी १९७८ मध्ये बहिर्मुखतेचा काही अंश मोठ्या आवाजातून खरोखर प्रकट होतो व श्रोत्यांना तो कळतो, असे दाखवून दिले.

अलीकडील संशोधनाने हे चित्र अधिक स्पष्ट झाले आहे. ग्लासगो येथील अभ्यासात (२०१४) अर्ध्या सेकंदाहूनही कमी काळ ऐकलेल्या ‘हॅलो’ या एका शब्दावरून श्रोत्यांनी चौसष्ट व्यक्तींची विश्वासार्हता व प्रभुत्ववृत्ती यांविषयी मते बनविली आणि त्या मतांत मोठे साम्य आढळले. चार देशांतील दोन हजारांहून अधिक व्यक्तींच्या आवाजांवर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खालच्या पट्टीतील आवाजाचा प्रभुत्ववृत्ती व बहिर्मुखता यांच्याशी संबंध आढळला, परंतु तो प्रबळ नव्हता. सौहार्द, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता व नवानुभवाची ओढ या गुणांशी तारतेचा खात्रीलायक संबंध आढळला नाही. नोकरी देताना, सोयरीक जुळविताना वा साक्षीदाराची पारख करताना लोक ज्या गुणांचा शोध घेतात, ते प्रामुख्याने हेच होत.

मराठी रंगभूमी व शाहिरी : आवाज घडविता येतो, हे महाराष्ट्राने रंगमंचावर दीर्घकाळ अनुभवले आहे. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांनी मानापमान (१९११) मधील मानी भामिनी व एकच प्याला (१९१९) मधील सोशीक सिंधू या परस्परविरोधी स्वभावाच्या नायिका एकाच गळ्यातून उभ्या केल्या. ज्या आवाजात प्रेक्षकांनी स्त्रीत्वाचा आदर्श ऐकला, तो पुरुषाचा होता. प्रा. बी. आर. देवधर (१९०१–९०) व अशोक दा. रानडे (१९३७–२०११) यांनी आवाजाच्या साधनेविषयी व जोपासनेविषयी जे लेखन व अध्यापन केले, त्याचे गृहीतही हेच आहे, की आवाज हा देहाने दिलेला असला, तरी शिक्षणाने घडतो.

सोलापूर जिल्ह्याच्या शाहिरी परंपरेत याची दोन ठळक उदाहरणे आढळतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरात उदयास आलेले राम जोशी प्रथम लावणीकार व तमाशाचे शाहीर म्हणून गाजले. पुढे मोरोपंतांच्या प्रभावाने ते कीर्तनाकडे वळले. फडात शृंगार आणि कीर्तनात भक्ती प्रकट करणारा गळा एकच होता. बार्शीत जन्मलेले शाहीर अमर शेख (मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, १९१६–६९) यांच्या पहाडी आवाजाने संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील प्रचंड सभा भारून गेल्या. त्या आवाजावरून ऐकणाऱ्याच्या मनात केवळ लढाऊ पुरुषाची प्रतिमा उभी राहते. परंतु हेच अमर शेख कलश व धरतीमाता या काव्यसंग्रहांचे कवी होते. शाहिराचा बुलंद आवाज ही मोकळ्या मैदानातील शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोहोचविण्याची गरजही असते.

काम, भाषा व आवाज : ही गरज केवळ कलावंतांपुरती नाही. सोलापूर शहराच्या जडणघडणीतून ती चांगली समजते. येथील पहिली कापडगिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. पुढे गिरण्यांचे व त्यानंतर यंत्रमागांचे शहर म्हणून सोलापूरची ओळख झाली व येथील चादर सर्वदूर गेली. यंत्रमाग चालू असलेल्या शाळेत आवाजाची पातळी सामान्यतः ९० ते १०० डेसिबलच्या आसपास असते. एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने १९११ मध्ये दाखवून दिले, की भोवती गोंगाट असला म्हणजे माणूस नकळत आपला आवाज वाढवितो. त्याबरोबर तारताही चढते. दीर्घकाळच्या गोंगाटाने श्रवणशक्ती मंदावते आणि ज्याला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही तो घरीही मोठ्यानेच बोलतो. कापसाच्या धुळीने घसाही खवखवतो. असा विणकर कचेरीत वा दवाखान्यात बोलू लागला, म्हणजे अपरिचिताला तो भांडखोर वाटण्याचा संभव असतो. प्रत्यक्षात ऐकू येतो तो त्याच्या कामाचा परिणाम.

भाषेची बाबही अशीच आहे. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू या चारही भाषा घरांत व बाजारात बोलल्या जातात. प्रत्येक भाषेची लय, आघात व वाक्याच्या शेवटी होणारा स्वराचा चढउतार वेगळा असतो आणि बोलणारा दुसऱ्या भाषेत शिरताना आपल्या भाषेची लय बरोबर नेतो. एका भाषेत सहज वाटणारा हेल दुसऱ्या भाषिकाला उद्धट किंवा लाडिक वाटू शकतो. पुण्याच्या कानाला सोलापुरी मराठी रांगडी वाटते, तेव्हा निर्णय व्यक्तीविषयी नसून बोलीविषयी असतो. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांनी १९२७ मधील आपल्या निबंधात याच धोक्याकडे लक्ष वेधले होते. बोलण्यात आवाज, लय, उच्चार, शब्दसंग्रह व शैली असे अनेक थर असतात आणि प्रत्येक थरात समाजाचा वाटा कोणता व व्यक्तीचा कोणता हे आधी वेगळे करावे लागते, असे त्यांचे प्रतिपादन होते. समाजाचे मान ठाऊक नसेल, तर व्यक्तीचे वेगळेपण कळणे शक्य नाही.

आजार व आवाज : आवाजावरून स्वभाव ठरविण्याची चूक आजाऱ्याच्या बाबतीत विशेष अन्यायकारक ठरते. कंपवातात आवाज क्षीण व एकसुरी होतो. त्यामुळे रुग्ण उदासीन वा बेपर्वा आहे, असा घरच्यांचाही समज होतो. अवटू ग्रंथीचा स्राव कमी पडल्यास आवाज जड व घोगरा होतो. धूम्रपानाने स्वरतंतूंना सूज येते. दिवसभर मोठ्याने शिकविणाऱ्या शिक्षकांचा आवाज बसतो. उलट, याच कारणांमुळे वैद्यकात आवाजाचे महत्त्व आहे : कित्येक आठवडे टिकून राहिलेला घोगरेपणा हे स्वभावाचे नव्हे, तर घशाच्या तपासणीची गरज असल्याचे लक्षण असते.

कायदा व यंत्रे : आवाजावरून व्यक्तीची ओळख पटविणे आणि तिचे अंतरंग जाणणे या भिन्न गोष्टी आहेत, हे भारतीय न्यायव्यवहारातही दिसून येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी खटल्यात नार्कोचाचणी, असत्यशोधक यंत्र व मेंदूच्या विद्युत्‌ नोंदींवर आधारलेली चाचणी संमतीवाचून करण्यास मनाई केली. २०१९ मध्ये रितेश सिन्हा खटल्यात मात्र तपासासाठी आवाजाचा नमुना देण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात, असा निर्णय त्याच न्यायालयाने दिला. तुलनेसाठी घेतलेला नमुना ध्वनिफितीतील आवाज कोणाचा आहे एवढेच सांगतो. बोलणारा कसा माणूस आहे, हे सांगत नाही.

संगणकाने आवाजाचे पृथक्करण करून भावना वा स्वभाव सांगणाऱ्या प्रणाली आता अनेक देशांत विकल्या जातात. या प्रणाली सामान्यतः माणसांनी दिलेल्या अभिप्रायांवरून शिकविल्या जातात. त्यामुळे श्रोत्यांचे पूर्वग्रह त्यांत उतरण्याचा धोका असतो आणि यंत्राने दिल्यामुळे तो निर्णय निःपक्षपाती वाटतो. यूरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ताविषयक कायद्याने कामाच्या व शिक्षणाच्या ठिकाणी अशा शारीरिक खुणांवरून भावना ओळखणाऱ्या प्रणालींना, वैद्यकीय व सुरक्षाविषयक अपवाद वगळता, बंदी घातली आहे. चार भाषांच्या शहरातील यंत्रमाग कामगाराची मुलगी दूरध्वनीवरून मुलाखत देते, तेव्हा तिचा आवाज कोणत्या मापाने मोजला जाणार, हा प्रश्न केवळ शास्त्रीय नाही. तिच्या उपजीविकेचा आहे.

मूल्यमापन : आवाजातून लिंग, स्थूल वय, शरीराची स्थिती व त्या क्षणाची भावना पुष्कळ अंशी कळते. भाषा, प्रदेश व व्यवसाय हे काही अंशी, आणि ऐकणाऱ्याचा त्यांच्याशी परिचय असेल त्या प्रमाणात कळतात. स्वभावगुणांपैकी बहिर्मुखता व प्रभुत्ववृत्ती यांची पुसट छाया आवाजावर पडते. प्रामाणिकपणा, दयाळूपणा वा कर्तव्यनिष्ठा ओळखण्याचे विश्वसनीय साधन म्हणून आवाजाचा उपयोग होत नाही. व्यक्तिमत्त्वाचे ठराविक प्रकार मानून त्या प्रत्येकाला एकेक आवाज जोडून देण्यास संशोधनाचा आधार नाही. आवाज ऐकताच मत बनणे हे मानवी मनाला टाळता येत नसले, तरी ते मत प्राथमिक समजून पुढील परिचयाने तपासून घेणे शक्य असते. आवाजाचा निर्णय ज्या कार्यासाठी आवाज ऐकावयाचा त्या कार्यापुरताच ठेवण्याचा जो संयम तेराव्या शतकात देवगिरीच्या शार्ङ्गदेवाने दाखविला, तो आजच्या प्रायोगिक निष्कर्षांशी बराचसा जुळणारा आहे.